डबल बेल

बावीस वर्षं मी चालत्या गाडीत उभी होते.
नरडाण्याच्या खड्ड्यांवर, तापीच्या पुलावर,
कंबर सीटच्या दांडीला टेकवून
पन्नासाची मोड मोजत,
हाताने कशालाही न धरता.
आता हे देवपुरातलं दोन खोल्यांचं घर
जागच्या जागी उभं आहे,
आणि मीच कलंडते
दुधाचं पातेलं उतरवताना.

डाव्या खांद्याखालच्या खळग्यात
काडेपेटीएवढं काहीतरी शिवून ठेवलंय.
टाके गेले, खाज राहिली.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हा हात
खांद्याच्या वर न्यायचा नाही.
मी मान हलवली. त्यांना कुठून ठाऊक,
याच हाताने मी दोरी ओढायचे.
एक टोला, थांब.
दोन टोले, चल.

आता दोरी आतल्याच्या हातात.
नवा आहे, बोलत नाही, बिल्लाही लावत नाही,
पण मिनिटाला साठच्या खाली
गाडी येऊ देत नाही.
रात्री कुशीवर वळले की वाटतं
सगळे स्टॉप त्याला पाठ आहेत
आणि मीच विनातिकीट.

सोनगीरच्या अलीकडे पडले होते मी.
चिल्लर पार मागच्या सीटपर्यंत घरंगळली.
उन्हाने तापलेल्या पत्र्यावर वाकून
लोकांनी वेचली, पिशवीत टाकली.
डेपोत हिशोब लागला तेव्हा
अकरा रुपये जास्त निघाले.
ते कुणाचे, अजून कळलं नाही.
चक्कर आली की मला हेच आठवतं,
ते अकरा रुपये.

घरात मी टप्पे पाडलेत.
पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खाली, शंभर आकडे.
मग कपाटाचं हँडल.
मग चौकट. तिथे जरा जास्त वेळ थांबते,
कारण तिथूनच फरशी
हळूच डावीकडे वळायला लागते,
गिरासे वळण घ्यायचे तशी, अगदी अलगद,
म्हातारी माणसं झोपेतून जागी होऊ नयेत अशी.
मोरी हा शेवटचा टप्पा.
परतीचं भाडं तेवढंच असतं
पण जास्त वाटतं.

अकराला वीज जाते तशी मी जाते.
आधी न कळवता.
हातातली मेथी अर्धी निवडलेली, अर्धी तशीच.
कूलर घरघरतो, हर्षाली पदर सारखा करून जाते,
आणि जागी होते तेव्हा तीन वाजलेले,
तोंडात पितळेची चव.
दिवसा झोपणाऱ्या बायकांना
मी मनात काय काय म्हटलंय,
ते सगळं आता उशीखाली सापडतं.

यांनी कळण्याची भाकरी थापायला घेतली परवा.
पोळपाटाएवढी जाड.
मी पडल्या पडल्या म्हणाले, पाणी कमी पडलं.
ते म्हणाले, तू फक्त श्वास घे.
चिडले मी. मग श्वास घेतला.

जिन्यातून सुमनजिजी विचारते,
"आते कसं वाटस? चक्कर येस का आजून?"
येस म्हणते मी.
मंग मी बठी जास.
ती हसते. एवढंच औषध
मला अजून कुणी लिहून दिलं नव्हतं,
मीच काढलं.

तपासणीला गेले तर त्या पोराने
छातीवर एक चकती ठेवली
आणि पडद्यात बघून आकडे हलवले.
म्हणाला, आता वेग थोडा वाढवतो, मावशी.
क्षणभर सगळी गाडी पुढे सरकली
आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.
म्हणाला, सवय होईल.
कुणाला, ते बोलला नाही.

रविवारी गिरासे आले, भटेसिंग गिरासे,
पिशवीत चार पेरू, दोन दबलेले.
नव्या कंडक्टरबद्दल बोलले, चांगली आहे म्हणाले,
पण डबल जरा घाईने मारते.
खुर्चीत अवघडून बसले होते,
स्टिअरिंग नसलेल्या माणसासारखे.
मी चहा ठेवायला उठले.
उठताना डोळ्यांपुढे काळं आलं,
चौकट धरली, थांबले.
मागे वळून पाहिलं तर त्यांचा उजवा पाय
फरशीवर घट्ट दाबलेला,
ब्रेकवर असावा तसा,
आणि मी सरळ उभी राहीपर्यंत
त्यांनी तो उचलला नाही.